नाशिकच्या द्राक्ष निर्यातीतील तापमान नोंदणी

नाशिकच्या द्राक्ष निर्यातीतील तापमान नोंदणी ही नाशिक जिल्ह्यातून परदेशी जाणाऱ्या ताज्या द्राक्षांच्या साठवणुकीत व प्रवासात ठरावीक कालांतराने तापमान मोजून ते वेळेसह साठवून ठेवण्याची पद्धत आहे. पॅकहाऊसमधील शीतगृहाचा नियंत्रक, रीफर म्हणजेच प्रशीतित कंटेनरचा नियंत्रक आणि पेट्यांमध्ये ठेवलेली सुटी नोंदयंत्रे अशा तीन साधनांनी ही नोंद होते. या साधनांना डेटा लॉगर असे म्हणतात. माल परदेशात खराब अवस्थेत पोहोचल्यास बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला हे ठरवण्यासाठी या नोंदी प्रमुख पुरावा ठरतात. मात्र घड्याळ, कालांतर, नोंदीची पद्धत व संवेदक यांची मांडणी प्रवास सुरू होण्यापूर्वीच करावी लागते. त्या वेळी राहिलेली त्रुटी नंतर भरून काढता येत नाही.

## पार्श्वभूमी

भारताच्या द्राक्ष निर्यातीत महाराष्ट्राचा, आणि महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. निफाड, दिंडोरी, नाशिक व चांदवड हे तालुके द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहेत. निर्यातीचा मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल असा असतो. नेदरलँड्स, युनायटेड किंग्डम, संयुक्त अरब अमिराती, रशिया व बांगलादेश या महत्त्वाच्या बाजारपेठा आहेत. युरोपात जाणारा बहुतेक माल न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून समुद्रमार्गे रवाना होतो.

संघटित निर्यातीच्या वाटचालीत १९९१ मध्ये स्थापन झालेली महाग्रेप्स ही सहकारी द्राक्ष बागायतदार संस्थांची भागीदारी संस्था महत्त्वाची मानली जाते. पुढे खासगी निर्यातदार आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी पॅकहाऊस व शीतगृहे उभारली. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अपेडाच्या ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीत निर्यातक्षम बागेची नोंदणी, कीटकनाशक अवशेषांची तपासणी आणि प्रमाणपत्रे यांची साखळी जोडलेली असते. पेटी कोणत्या बागेतून आली हे ग्रेपनेटवरून कळते. ती पेटी वाटेत किती थंड राहिली हे मात्र तापमान नोंदीवरूनच कळते.

युरोपात जाणाऱ्या मालाची अंतिम किंमत अनेकदा तेथे पोहोचल्यावर मालाची अवस्था पाहून ठरते. एका ४० फुटी रीफर कंटेनरमध्ये सुमारे १३ टन द्राक्षे मावतात. हा माल अनेकदा एकाहून अधिक शेतकऱ्यांचा असतो. त्यामुळे एका कंटेनरमधील बिघाडाचा परिणाम अनेक कुटुंबांच्या वर्षभराच्या उत्पन्नावर होऊ शकतो.

## द्राक्षे आणि तापमान

द्राक्ष हे काढणीनंतर न पिकणारे फळ आहे. घड वेलीवरून उतरवल्यानंतर त्याची गोडी वा प्रत वाढत नाही, केवळ टिकवता येते. त्यासाठी उणे १ ते ० अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. यापेक्षा फार खालचे तापमानही घातक असते, कारण साखरेच्या प्रमाणानुसार साधारणपणे उणे २ अंशांच्या आसपास मणी गोठू लागतात. सुरक्षित पट्टा असा अरुंद असल्याने मोजमापातील एका अंशाची चूकही महत्त्वाची ठरते.

काढणी सकाळच्या गारव्यात केली जाते, कारण मार्च-एप्रिलमध्ये नाशिक परिसरात दुपारचे तापमान ३५ अंशांच्या वर जाते. प्रतवारी व पॅकिंगनंतर प्री-कूलिंग कक्षात पेट्यांमधून जोराने थंड हवा खेचून काही तासांत मालातील शेतातली उष्णता काढून घेतली जाते. त्यानंतर माल शीतगृहात व तेथून कंटेनरमध्ये जातो. रीफर कंटेनरची यंत्रणा थंड केलेला माल थंड ठेवण्यासाठी असते. गरम माल वेगाने थंड करण्याची तिची क्षमता नसते. म्हणून भरणीपूर्वी मण्याच्या आतील तापमान सुईच्या तापमापकाने तपासले जाते.

पेटीत द्राक्षांवर सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवतात. बागायतदार त्याला ग्रेप गार्ड म्हणतात. त्यातील सोडियम मेटाबायसल्फाइट ओलाव्याच्या संपर्कात येऊन वायू सोडते व करड्या बुरशीला आवर घालते. तापमान वरखाली झाल्यास थंड मण्यांवर दव जमते. या पाण्यामुळे ग्रेप गार्डमधील वायू एकदम जास्त प्रमाणात सुटतो, मण्यांवर पांढुरके डाग पडतात आणि पुढील प्रवासासाठी वायू कमी उरतो. करडी बुरशी शून्य अंशाजवळही मंद गतीने वाढू शकते, त्यामुळे उरलेल्या प्रवासात तिला वाव मिळतो. थोड्या वेळासाठी झालेला तापमानबदलही अनेक दिवसांनंतर दिसणारे नुकसान घडवू शकतो. नोंदणीची मांडणी करताना असे छोटे बदल नोंदीत उमटतील याची काळजी घेण्यामागे हेच कारण आहे.

## साधनांचा विकास

इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रे रूढ होण्यापूर्वी रीफर कंटेनरवर घड्याळी यंत्रणेने फिरणारी गोल कागदी तबकडी असे. पार्टलो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोंदयंत्रात ही तबकडी ३१ दिवसांत एक फेरी पूर्ण करी आणि तीवर तापमानाची रेषा उमटत असे. तबकडी चुकीच्या दिवसावर लावली किंवा रेषा पुसट आली, तर नोंद निरुपयोगी ठरे.

नंतर नियंत्रकातच स्मृती असलेली इलेक्ट्रॉनिक नोंदणी आली. कॅरियर ट्रान्सिकोल्डच्या यंत्रणेतील अशा भागाला डेटाकॉर्डर म्हणतात. थर्मो किंग, डायकिन व स्टार कूल यांच्या यंत्रणांतही अशी सोय आहे. ताज्या व गोठवलेल्या मालाच्या वाहतुकीतील तापमान नोंदयंत्रांसाठी ईएन १२८३० हे युरोपीय मानक १९९९ मध्ये आले आणि २०१८ मध्ये ते सुधारण्यात आले. अलीकडे अनेक कंटेनरांवर मोडेम असतो व प्रवासादरम्यानच नोंदी दूरवरून पाहता येतात.

## नोंदणीची ठिकाणे

* शीतगृह: प्री-कूलिंग व साठवण कक्षांतील संवेदक एका नियंत्रकाला जोडलेले असतात. हा नियंत्रक कॉम्प्रेसर व पंखे चालवतो आणि तापमानाची नोंदही ठेवतो.
* रीफर कंटेनर: मालाकडे जाणारी पुरवठ्याची हवा आणि मालातून फिरून येणारी परतीची हवा या दोहोंचे तापमान नोंदले जाते. ताज्या मालासाठी यंत्रणेचे नियंत्रण पुरवठ्याच्या हवेवर चालते, तर गोठवलेल्या मालासाठी ते परतीच्या हवेवर चालते.
* सुटी नोंदयंत्रे: पेट्यांमध्ये ठेवलेली ही छोटी यंत्रे आयातदार गोदामात संगणकाला जोडून वाचतो. त्यांची नोंद वाहतूक कंपनीच्या यंत्रणेपासून स्वतंत्र असल्याने तिला वेगळे महत्त्व असते.

## नोंदणीची मांडणी

### घड्याळ

तापमानाचा प्रत्येक आकडा वेळेशी बांधलेला असतो. कंटेनरच्या नियंत्रकाचे घड्याळ प्रथेनुसार ग्रिनिच वेळेवर असते. शीतगृहाचा नियंत्रक भारतीय प्रमाणवेळेवर चालतो, ती ग्रिनिच वेळेपेक्षा ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. सुटे नोंदयंत्र ज्या संगणकावरून सुरू केले त्याची वेळ घेते. उदाहरणार्थ, दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये १२ फेब्रुवारीला पहाटे २ वाजता कंटेनरचे दार बंद झाले, तर कंटेनरच्या नोंदीत ती वेळ ११ फेब्रुवारी, २० वाजून ३० मिनिटे अशी दिसेल. हा फरक लक्षात न घेतल्यास भरणीच्या वेळी तापमान चढले की त्याआधी, हे चुकीचे ठरवले जाते.

युरोपातील घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे होतात आणि हा बदल द्राक्ष हंगामाच्या मध्येच येतो. म्हणून सर्व यंत्रांची वेळ भरणीपूर्वी पडताळून, प्रत्येक यंत्र कोणत्या वेळेवर चालते याची नोंद भरणीच्या कागदपत्रांत करणे उपयुक्त ठरते.

### कालांतर आणि स्मृती

दोन नोंदींमधील अंतराला कालांतर म्हणतात. डेटाकॉर्डरमध्ये १५, ३०, ६०, १२० किंवा २४० मिनिटांचे कालांतर निवडता येते आणि कारखान्यातून ते ६० मिनिटांवर ठरवलेले असते. ६० मिनिटांच्या कालांतराने ३० दिवसांत ७२० नोंदी होतात, तर १५ मिनिटांच्या कालांतराने २,८८०. कंटेनरच्या नियंत्रकाची स्मृती मोठी असल्याने तेथे कमी कालांतर निवडण्यास सहसा अडचण नसते.

सुट्या नोंदयंत्रांची स्मृती मर्यादित असते. समजा, एका यंत्रात १६,००० नोंदी मावतात. दर मिनिटाला नोंद ठेवल्यास ते ११ दिवसांत भरेल, ५ मिनिटांनी ठेवल्यास सुमारे ५५ दिवस पुरेल आणि १० मिनिटांनी ठेवल्यास सुमारे १११ दिवस. स्मृती भरल्यावर यंत्राने थांबावे की जुन्या नोंदींवर नव्या लिहाव्यात हेही आधी ठरवावे लागते. पहिल्या पर्यायात प्रवासाचा शेवट हरवतो, तर दुसऱ्यात पॅकहाऊसमधील सुरुवात पुसली जाते.

न्हावा शेवा ते रॉटरडॅम हा सुएझ कालव्यामार्गे होणारा प्रवास साधारणपणे तीन ते चार आठवड्यांचा असतो. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. २०२४ च्या हंगामात त्यामुळे प्रवासाचा काळ सुमारे दोन आठवड्यांनी वाढला. नेहमीच्या प्रवासाचा काटेकोर हिशेब करून ठेवलेले कालांतर अशा वेळी अपुरे पडते. कालांतर निवडताना प्रवासाच्या अपेक्षित दिवसांवर पुरेशी राखीव मुदत धरण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

### सरासरी आणि क्षणिक नोंद

नोंद कोणत्या पद्धतीने साठवायची हेही निवडता येते. सरासरी पद्धतीत दर मिनिटाला मोजलेल्या आकड्यांची त्या कालांतरातील सरासरी साठवली जाते. क्षणिक पद्धतीत नोंदीच्या क्षणी असलेलेच तापमान साठवले जाते. समजा, एका तासात ४५ मिनिटे हवा ० अंशांवर राहिली आणि १५ मिनिटे ८ अंशांवर गेली. सरासरी नोंद २ अंश दाखवेल. क्षणिक नोंद चढ नेमका त्या क्षणी असल्यास ८ अंश, अन्यथा ० अंश दाखवेल. यांपैकी कोणतीही एक नोंद पूर्ण चित्र देत नाही. कालांतर १५ मिनिटांवर आणल्यास दोन्ही पद्धतींतील हा दोष बराच कमी होतो. काही सुटी यंत्रे प्रत्येक कालांतरातील किमान व कमाल तापमानही साठवतात.

### संवेदक

संवेदक कोठे आहे यावर आकड्याचा अर्थ ठरतो. शीतगृहात दाराजवळ किंवा पंख्याच्या थेट झोतात बसवलेला संवेदक खोलीचे खरे तापमान दाखवत नाही. कंटेनरमध्ये सुटे यंत्र भिंतीला चिकटवून ठेवल्यास बाहेरच्या उष्णतेचा परिणाम नोंदीत मिसळतो. म्हणून ते दाराजवळच्या पॅलेटवर, पण पेटीच्या आत ठेवणे योग्य मानले जाते. थंड हवेच्या मार्गात दाराकडची बाजू सर्वांत शेवटी येत असल्याने बिघाडाची चिन्हे तेथे लवकर दिसतात.

अचूकता तपासण्याची सोपी पद्धत म्हणजे शुद्ध पाणी व त्याच पाण्याच्या बर्फाचा चुरा यांच्या मिश्रणात संवेदक बुडवणे. असे मिश्रण नीट ढवळल्यास ० अंशांवर स्थिर राहते. संवेदक ०.५ अंश दाखवत असेल तर तो फरक नियंत्रकात दुरुस्ती म्हणून भरता येतो किंवा संवेदक बदलला जातो. फळमाशीसाठी शीत उपचाराची अट घालणाऱ्या देशांकडे जाणाऱ्या मालात फळात खुपसायचे तीन संवेदक वापरतात. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या नावावरून त्यांना यूएसडीए संवेदक म्हणतात. त्यांची बर्फाच्या मिश्रणातील तपासणी प्रत्येक प्रवासापूर्वी करावी लागते.

### इशारा मर्यादा

ठरवलेल्या तापमानापासून किती अंशांनी व किती वेळ ढळल्यास इशारा द्यायचा हे मांडणीत भरले जाते. विलंब फार कमी ठेवल्यास दार उघडताच इशारा वाजतो आणि कामगारांना त्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते. विलंब फार जास्त ठेवल्यास खरा बिघाड उशिरा कळतो. इशारा वाजला तरी मूळ तापमानाची नोंद अखंड चालू राहावी अशी मांडणी आवश्यक असते.

### प्रवासाची सुरुवात

भरणीपूर्वी कंटेनरची तपासणी होते व नियंत्रकात प्रवासाच्या सुरुवातीची खूण नोंदवली जाते. ही खूण नसल्यास आधीच्या प्रवासाच्या नोंदी नव्या प्रवासात मिसळतात. सुट्या यंत्राला विलंबित सुरुवात देता येते, म्हणजे ते पॅकहाऊसच्या गरम टेबलावरचे तापमान नोंदवत नाही. मात्र विलंब गरजेपेक्षा जास्त ठेवल्यास भरणीचा महत्त्वाचा काळच नोंदीतून निसटतो.

## नोंदींचे वाचन

पुरवठ्याच्या व परतीच्या हवेतील फरक पाहून मालाच्या अवस्थेचा अंदाज येतो. पुरवठ्याची हवा पहिल्या दिवसापासून ठरवलेल्या तापमानावर आहे आणि परतीची हवा अनेक दिवस बरीच गरम आहे, असे दिसल्यास दोन शक्यता असतात. एक तर माल पुरेसा थंड न करता भरला गेला, किंवा पेट्यांची रचना हवेच्या मार्गात आड आली. पुरवठ्याची हवाच ठरवलेल्या तापमानाला पोहोचत नसेल, तर दोष यंत्रणेत किंवा वीजपुरवठ्यात असण्याची शक्यता अधिक असते.

परतीच्या हवेत ठरावीक तासांनी दिसणारे अल्पकालीन चढ नेहमीच बिघाड दर्शवत नाहीत. यंत्रातील नळ्यांवर साचलेले बर्फ वितळवण्याची डीफ्रॉस्ट क्रिया चालू असताना असे चढ येतात. नियंत्रक या क्रियेची वेळही साठवतो, त्यामुळे दोन्ही नोंदी एकत्र वाचाव्या लागतात.

नाशिक ते न्हावा शेवा हे सुमारे २०० किलोमीटरचे अंतर कंटेनर ट्रेलरवरून कापतो. या वाटेत वीज जनित्राकडून मिळते आणि त्याला जेनसेट म्हणतात. जेनसेट बंद राहिल्यास किंवा बंदरात प्लग उशिरा जोडल्यास नियंत्रक वीज गेल्याची व परत आल्याची वेळ नोंदवतो. रस्ता, बंदर आणि जहाज या तीन टप्प्यांची जबाबदारी वेगवेगळ्या पक्षांकडे असल्याने या दोन वेळा निर्णायक ठरतात.

## वाद आणि नुकसानभरपाई

माल खराब अवस्थेत पोहोचल्यास आयातदार स्वतंत्र सर्वेक्षकाकडून पाहणी करून घेतो. सर्वेक्षक शीतगृहाची नोंद, कंटेनरची नोंद आणि सुट्या यंत्राची नोंद एका वेळमापनावर आणून ताडून पाहतो. तिन्ही जुळल्यास बिघाडाचा टप्पा बऱ्याच अंशी निश्चित होतो. तापमान शेवटपर्यंत योग्य असल्याचे दिसल्यास काढणीपूर्वीचा पाऊस, बागेतील बुरशी, हाताळणी किंवा पॅकिंग अशा कारणांचा विचार केला जातो. नोंद नेहमी निर्यातदाराच्याच बाजूने जाते असे नाही. भरणीच्या वेळी माल गरम होता हेही तीच नोंद उघड करते.

समुद्री वाहतुकीच्या हेग नियमांनुसार सहज न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत द्यावी लागते, तर दाव्यासाठी एका वर्षाची मुदत असते. त्यामुळे शीतगृहाच्या नोंदी किमान या मुदतीपर्यंत जपणे गरजेचे ठरते. जलद गोठवलेल्या खाद्यपदार्थांसाठी युरोपीय संघाच्या २००५ च्या ३७ क्रमांकाच्या नियमानेही तापमान नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याची अट घातली आहे. ताजी द्राक्षे त्या नियमाच्या कक्षेत येत नाहीत.

नोंदीची मूळ फाइल न बदलता जपणे महत्त्वाचे असते. आकडे स्प्रेडशीटमध्ये घेऊन केलेला आलेख समजण्यास सोपा असतो, परंतु त्यात बदल करणे शक्य असल्याने पुरावा म्हणून मूळ फाइलच मागितली जाते. नोंदीसोबत मांडणीचा तपशील, म्हणजे कालांतर, पद्धत, घड्याळाची वेळ व संवेदकाची शेवटची तपासणी, जोडलेला असल्यास नोंदीचे मोल वाढते.

## मर्यादा

कंटेनरचे मुख्य संवेदक हवेचे तापमान मोजतात, मण्यांचे नाही. पॅलेटच्या मध्यभागी असलेली पेटी हवेपेक्षा कित्येक तास मागे असते. सुटे यंत्र केवळ आपल्या जागेपुरते सांगते. आर्द्रता, सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण आणि धक्के यांची नोंद सर्वच प्रवासांत होत नाही. छोट्या पॅकहाऊसमध्ये वीजखंडनानंतर नियंत्रकाचे घड्याळ मागे पडणे, संवेदकांची तपासणी वेळेवर न होणे आणि हंगामाच्या घाईत भरणीची वेळ न लिहिली जाणे या नेहमीच्या अडचणी आहेत. या अडचणी यंत्रांच्या किमतीपेक्षा कामाच्या शिस्तीशी अधिक निगडित आहेत. साधे सुटे यंत्रही योग्य मांडणी करून वापरल्यास उपयुक्त पुरावा देते, तर महाग यंत्रणेची चुकीच्या घड्याळावर चाललेली नोंद वादात टिकत नाही.

## हे सुद्धा पहा

* द्राक्ष
* नाशिक जिल्हा
* शीतसाखळी
* अपेडा
* जवाहरलाल नेहरू बंदर
* राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, पुणे